खोल गेलं की गोड

सुलतानपूर,
२८ ऑगस्ट १९६७

तीर्थरूप बाईच्या पायी धाकट्या शेषरावचा दंडवत.

तुझी राखी अजून मनगटावर आहे. कचेरीतले कारकून चिडवतात, शेती सहायकाच्या हाताला एवढा मोठा फुलोरा शोभत नाही म्हणून. मी म्हणालो, वरवट बकालच्या बहिणीची आहे, तिथं सगळं मोठंच असतं. वावरं मोठी, ढेकळं मोठी आणि माझ्या बहिणीच्या सासूचा आवाजही मोठा! हे वाक्य मात्र गाळून वाच. तुमच्या घरी पत्र आलं की मनकर्णाबाईंपुढं बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायची पद्धत, आणि मी दरवेळी ते विसरतो. वाचून झालंच असेल तर त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

आता कामाचं. राखीला आलो होतो तेव्हा नाल्याकाठच्या वावरातल्या जुन्या विहिरीच्या पायरीवर वाकून मी बाटली भरून घेतली होती, आणि तू हसली होतीस की माहेराला काय खाऊ न्यायचा तर पाणी. ती बाटली मी तपासायला पाठवली. कागद आला. पाणी ओलितास योग्य! बाई, आठ एकर काळीभोर जमीन, खाली असं पाणी, आणि पंजाबराव दाजी वर्षानुवर्षं आभाळाकडं तोंड करून बसतात. विहीर आणखी पाच परस खोल न्यायची, इंजिन बसवायचं आणि यंदाच दिवाळीनंतर गहू पेरायचा. आपले बाबा काय म्हणायचे? 'खोल गेलं की गोड.' आपल्या विहिरीचं वरचं पाणी गढूळ होतं. बाबांनी खडक फोडून ती खाली नेली तेव्हा असं पाणी लागलं की पाव्हणे तांब्यावर तांब्या मागून प्यायचे.

दाजींच्या मनात आहे, पण ते आईच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत. तेव्हा तू बोल. तू बोललीस की काम होतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आणि एक. दहा वर्षांत तू पुरती वऱ्हाडीण झालीस. मागच्या पत्रात 'मले' आणि 'तुले' मोजले, अठरा भरले. बाबा असते तर म्हणाले असते, पोरगी घाटाखाली दिली ती दिलीच.

तुझा,
शेषराव


वरवट बकाल,
१२ सप्टेंबर १९६७

चि. शेषरावले बाईचे लय लय आशीर्वाद.

वाचलं रे बाबा, सारं मोठ्यानं वाचलं. आवाजाचं वाक्य पण तोंडातून निघून गेलं. मले वाटलं आता काही खरं नाही. पण सासूबाई हसल्या अन् म्हणल्या, "माहा आवाज मोठा नसता तं वावरातले डुक्कर काय त्याच्या बापानं हाकलले असते?" बापाचं नाव काढलं म्हणून मी पण थोडा वेळ फुगून बसली.

आठ दिवस झाले पोळ्याले. सासूबाईनं दरसालासारखी नाल्याकाठच्या वावरातली माती पदरात आणून बैलजोडी केली. तू पाह्यली आहे ती जोडी. काळी कुळकुळीत, तेल लावल्यावानी चमकते. त्या दुसऱ्या मातीचे बैल करतच नाहीत. त्या वावराचं तुले मी कधी सांगतलं नाही. मामंजी गेले तवा हे तीन वर्षांचे होते. वावरात कुंदा माजला होता, अन् कुंद्याचं गवत म्हणजे वरून कापलं तरी खालून येते. लोक म्हणत, विकून टाक. सासूबाईनं तीन उन्हाळे कंबरभर खोदून एकेक मूळ हातानं काढलं. म्हणून गाव अजून त्याले मनकर्णाबाईचं वावर म्हणते.

आता तुह्या कामाचं. सासूबाई नाही म्हणतात. काऊन, तर दिवाळी झाली की त्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. हे खरं आहे. मी नवी नवरी होती तवा सकाळपासून जाळ घातला अन् दुपारी पाहते तं डाळ जशीच्या तशी, टणक. मी चुलीपुढं बसून रडली. मंग सासूबाईनं मले नाल्यातल्या झिऱ्यावर नेलं, वाळूत खड्डा करून गोडं पाणी भराले शिकवलं. इकडच्या साऱ्या बाया डाळीपुरतं पाणी झिऱ्यावरूनच आणतात. सासूबाई म्हणतात, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते वावराले पाजू नये.

मी तुही बाजू घेतली. म्हणलं, माहा भाऊ शिकेल आहे, त्याच्यापाशी सरकारी कागद आहे, अन् डाळीचं अन् गव्हाचं काय नातं? त्या माह्याकडे पाहून चूप बसल्या. ह्यांनी लगेच हाव म्हणलं. खोटं कायले बोलू, मले आनंद झाला. दहा वर्षांत या घरात पह्यल्यांदा माह्या शब्दानं काही झालं. पण तू एकदा त्या डाळीचं लिहून कळव.

तुही बाई,
कोकिळा


सुलतानपूर,
२० नोव्हेंबर १९६७

तीर्थरूप बाईस, आणि पत्र ऐकत बसलेल्या सगळ्यांस नमस्कार.

विहीर पाच परस खाली गेली आणि इंजिनही बसलं हे वाचून मी कचेरीत पेढे वाटले. डाळीचं विचारलंस. बाई, डाळ न शिजणं हा चुलीचा प्रश्न आहे, शेतीचा नाही. चिमूटभर खायचा सोडा टाक, लोण्यासारखी शिजेल. तरी नाही शिजली तर दोष पाण्याचा नाही, तुझ्या हाताचा. आईसुद्धा म्हणायची, कोकिळाला धीर नाही, उकळी फुटायच्या आत पळी घालते.

सोबत नव्या गव्हाच्या बियाण्याचा आणि खताचा तक्ता पाठवतो. आठ-दहा दिवसांनी पाणी देत राहा. मनकर्णाबाईंना सांग, तुम्ही कुंदा काढलात, आता त्या वावराचं सोनं करायचं काम आमच्याकडं.

शेषराव


वरवट बकाल,
२० मार्च १९६८

चि. शेषरावले आशीर्वाद, अन् तुह्या तोंडात साखर.

गहू निघाला. असा गहू या गावानं पाह्यला नव्हता रे. लोंबी हातात घेतली तं हात भरून जाये. आमच्या बांधाले बांध लागून असलेला धुरेकरी उकंडराव, ज्यानं आजवर कोणाची तारीफ केली नाही, तो धुऱ्यावर उभा राहून म्हणला, "पंजाबराव, तुह्या साळ्याले एकदा गावात बोलाव बे." ह्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटते का काय वाटलं. होळीले नव्या गव्हाच्या पोळ्या केल्या. सासूबाईनं एक दाणा चावून पाह्यला अन् म्हणल्या, चांगला आहे. मंग म्हणल्या, पुढल्या साली सांगजो. मले राग आला. म्हणलं, एवढं झालं तरी तुमच्या तोंडून पूर्ण चांगलं निघत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माघात विहिरीचं पाणी खाली गेलं अन् तवापासून बैल दोन घोट घेऊन मान वर करतात. हाकलून हाकलून पाजा लागते. मी चाखून पाह्यलं, खारट लागलं. दुसरं, सऱ्यांच्या कडेले पांढरं पांढरं दिसते. सकाळी तं चुना सांडल्यावानी. हे म्हणतात खत असंन. मी ते बोटानं पुसलं, दोन दिवसांनी पुन्हा तेवढंच आलं. हे खताचंच असते न? तू हाव म्हण, म्हणजे माह्या जिवाले बरं वाटंन.

तुही बाई


सुलतानपूर,
१६ एप्रिल १९६८

तीर्थरूप बाईस नमस्कार.

हाव, खताचंच असावं! बघ, मीही वऱ्हाडी बोलायला लागलो.

तुमच्या वावराचा इकडं बोलबाला झाला आहे. शेतकऱ्यांच्या शिबिरात मला बोलायला उभं केलं. मी सांगितलं, आभाळाकडं बघणाऱ्यांनो, पायाखाली बघा, माझी बहीण बघा. दीड हजार माणूस टाळ्या वाजवत होतं. वरच्या साहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि बढतीसाठी माझं नाव धाडलं. हे सगळं तुझ्यामुळं झालं, हे मी विसरणार नाही.

तरी तुझ्या समाधानासाठी आत्ताचं, उन्हाळ्यातलं पाणी एका बाटलीत भरून कोणाबरोबर तरी पाठव. पुन्हा तपासून घेऊ. नुसतं तुझ्या समाधानासाठी हं, काळजीचं काही नाही.

शेषराव


वरवट बकाल,
१९ ऑगस्ट १९६८

चि. शेषराव,

राखीले तू आला नाही. पह्यल्यांदाच असं झालं. मी ताट करून संध्याकाळपर्यंत बसली होती. टपालानं राखी पाठवली ती पोचली का, तेही तू लिहिलं नाही.

बाटली मी वैशाखातच पाठवली. उकंडराव मेहकरकडे जावयाकडे गेला होता, तो म्हणे तुह्या हातात देऊन आला. आता श्रावण सरत आला. कागद आला का?

वावराचं सांगते. पाऊस बरा आहे, साऱ्या गावाची ज्वारी मांडीले लागली. आपल्या वावरात पाणी मुरतच नाही. वरच्या वर डबकं करून राह्यते. ओलं असलं की साबणावानी पाय घसरते, अन् दोन दिवस ऊन पडलं की असं टणक होते की वखराची पास तुटली. निम्मं बी मातीखालीच सडलं. जे आलं ते पिवळं. बाकी वावरं तशीच आहेत, धुऱ्यापलीकडे उकंडरावचं हिरवंगार आहे. देव कोपला म्हणावं तं देव काय धुरा पाहून कोपते?

सासूबाई काही बोलत नाहीत. रोज जातात, धुऱ्यावर बसतात अन् येतात. बोलल्या असत्या तं बरं झालं असतं रे. ह्यांचं एकच, शेषरावचा कागद येऊ दे, मंग ठरवू. चुलीवर डाळ ठेवली की मले तुहं पत्र आठवते. सोडा टाकून पाह्यला. डाळ गळाली, पण तिले चव नाही राह्यली.

तू लवकर कळव. दिवाळीनंतर पाणी द्यायचं का नाही, ते त्याच्यावर आहे.

तुही बाई


सुलतानपूर,
२४ सप्टेंबर १९६८

तीर्थरूप बाईस नमस्कार.

राखी पोचली. येता आलं नाही, कामाचा फार रगाडा होता. बढती झाली, आता माझ्याकडं जास्तीची गावं आहेत.

कागदाचं म्हणशील तर अशा कामांना वेळ लागतो. आला की कळवीन. तोवर शेणखत भरपूर टाका. एक हंगाम मागंपुढं व्हायचाच, शेती म्हटल्यावर चालायचंच. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

घाईत आहे. सर्वांना नमस्कार.

शेषराव


वरवट बकाल,
२१ जानेवारी १९६९

चि. शेषराव,

तुहं सप्टेंबरचं पत्र मी चार खेपा वाचलं. त्याच्यात एकही थट्टा नाही. तू माह्या पाठचा आहे, तुले मी कडेवर खेळवलं. तू आजारी पडला किंवा खोटं बोलला, या दोनच वेळा तुही थट्टा बंद होते. तू आजारी तं नाही न रे?

ह्यांनी यंदाही गहू पेरला. म्हणले, कागद आला नाही म्हणजे वाईट काही नसंन, वाईट असतं तं शेषराव धावत आला असता. पाणी देऊन राह्यले. गहू वीतभर वाढला अन् थांबला. पानाचे शेंडे जळाल्यावानी झाले. वावर दुरून पाह्यलं की बाभळीच्या सावलीतही पांढरं दिसते.

परवा सासूबाईनं एक ढेकूळ उचललं, हातानं फोडायले गेल्या, फुटलं नाही. मंग त्याले जीभ लावली. मले म्हणल्या, "कोकिळा, मीठ आहे." एवढंच. त्यांनी मले शिव्या दिल्या असत्या, तुहा भाऊ मेला म्हणल्या असत्या, तं मी भांडली तरी असती.

आता खरी गोष्ट. तुहं नाव घेऊन गावातले नऊ लोक विहिरी खोल करून राह्यले. उकंडराव पह्यला. आपल्या पहिल्या गव्हाची रास त्यांच्या डोळ्यांत आहे. यंदाचं पाहून म्हणतात, पंजाबरावचं काहीतरी चुकलं असंन, साहेबाचं चुकत नाही. नऊ विहिरी शेषराव. कागदात काय आहे ते लिही. बरं असंन तं बरं, वाईट असंन तं वाईट.

तुही बाई


सुलतानपूर,
८ फेब्रुवारी १९६९

बाई, हे पत्र एकटीनं वाच. मोठ्यानं वाचू नकोस.

कागद आला आहे. आत्ता नाही आला. गेल्या जूनमध्येच आला, मृगाच्या आधी. पाणी ओलितास अयोग्य, खारं, जमीन चोपण, म्हणजे खारवून टणक आणि नापीक होण्याचा धोका. असं स्वच्छ लिहिलं आहे.

चूक माझी आहे. मी श्रावणात पायरीवर वाकून बाटली भरली. ते पावसाचं पाणी होतं, वर तरंगणारं. इंजिननं ते उपसून टाकलं आणि खालचं खारं वर आलं. तुमच्या पूर्णेच्या खोऱ्यात जेवढं खोल जावं तेवढं खारं लागतं. बाबांचं म्हणणं आपल्या घाटावर खरं होतं. मी पुस्तकं शिकलो, परीक्षा दिल्या, आणि तिथं लागू केलं ते बाबांचं म्हणणं. तुम्ही सगळ्या बाया डाळीचं पाणी दुसरीकडून आणता, हे तू मला लिहून कळवलंस आणि मी त्यावर विनोद केला.

जूनमध्ये का नाही सांगितलं, तर त्याच आठवड्यात माझ्या बढतीचा हुकूम आला होता. तुमच्याच वावराचं नाव घेऊन मी गावोगाव बोललो होतो. वाटलं, पाऊस पडला की मीठ धुऊन जाईल. मग वाटलं, एक हंगाम बघू. मग सांगायचीच लाज वाटायला लागली, आणि लाजेला दिवस गेले की ती जास्तच घट्ट होते. राखीला मी तुमच्या जवळच्या जळगाव जामोदपर्यंत आलो होतो. स्टँडवर तासभर बसलो आणि परत फिरलो.

ओलीत आजच्या आज थांबवा. दाजींना इंजिन बिघडलं म्हणून सांग, काहीही सांग, पण माझं नाव सध्या येऊ देऊ नकोस. मी कधीतरी येऊन स्वतः सांगेन. बाई, मला झाक.

शेषराव


वरवट बकाल,
१५ फेब्रुवारी १९६९

शेषराव,

तुहं पत्र आलं तवा ओसरीवर चहा होता. हे होते, सासूबाई होत्या, उकंडराव अन् विहिरीवाले चार-पाच जण बसले होते. साहेबाचं पत्र आलं म्हणून सारे सरसावून बसले. मी पाकीट फोडलं. पह्यलीच ओळ, हे पत्र एकटीनं वाच. मले लगेच समजलं आत काय आहे ते. पत्र मिटून पदराखाली घालता आलं असतं. डोकं दुखते म्हणता आलं असतं.

मी ती ओळ पण मोठ्यानं वाचली. अन् मंग सारं वाचलं. मले झाक, हेही वाचलं.

तुले झाकू? लहानपणी तू मडकं फोडलं तं मी मार खाल्ला, ते मडकं होतं. हे सासूबाईचे तीन उन्हाळे आहेत. तू जूनमध्ये दोन ओळी लिहिल्या असत्या तं दुसऱ्या सालच्या पाण्यापासून तरी वावर वाचलं असतं. तुह्या दाजींचं तोंड मले पाहवत नाही. ते उठले, वावरात गेले अन् इंजिनचा पट्टा काढून खांद्यावर टाकून घेऊन आले. तो खुंटीले टांगला आहे. तुह्यावर मले इतका राग आहे की लिहिता लिहिता टाक मोडला, हा दुसरा आहे. अन् तेवढाच माह्यावर आहे. सासूबाईले चूप मीच बसवलं होतं, तू नाही.

त्या काय म्हणल्या ते ऐक. सारे गेल्यावर म्हणल्या, "कुंद्याले मूळ होतं, म्हणून खोदून काढता आलं. मिठाले मूळ नसते, कोकिळा. कुठं खोदू?"

आता माहं ऐक. नवातल्या पाच जणांनी काम थांबवलं. चार थांबत नाहीत. उकंडराव म्हणते, बहीण-भावाचं पत्र म्हणजे काही शिक्क्याचा कागद नव्हे. पह्यला कागद चांगला होता म्हणून आम्ही खोदाले लागलो, आता दुसरा दाखवा. त्याचं चुकीचं नाही. बाईच्या डाळीवर कोणाची विहीर थांबली आहे का आजवर?

तू ये. तो कागद घेऊन ये, तारखेसकट. चावडीवर उभा राह्य अन् तुह्या तोंडानं वाच. तुही बढती राह्यते का जाते, मी विचारणार नाही. सासूबाई म्हणल्या, त्याले जेवाले बोलाव. मी बोलावते.

कोकिळा


सुलतानपूर,
१० मार्च १९६९

बाई,

तीन आठवडे उत्तर लिहायला हात उचलला नाही. येतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं येतो. कागद घेऊन येतो, तारखेसकट. वरच्या साहेबांना आज लिहून कळवलं आहे. स्टँडवर कोणी आलं नाही तरी मी चावडी शोधत येईन.

शेषराव


वरवट बकाल,
१४ सप्टेंबर १९६९

चि. शेषरावले बाईचे आशीर्वाद.

तू येऊन गेला त्याले सहा महिने होतील. तवापासून ना तुहं पत्र, ना राखीले तू. मी पण लिहिलं नाही. लिहायले बसली की राग येये, अन् न लिहिता राह्यली की आईची आठवण येये. आज लिहिते, काऊन की सासूबाईनं लिहायले सांगतलं.

चावडीवर तुहा आवाज निघत नव्हता. उकंडराव ओरडला, मोठ्यानं वाचा. तू तारीख वाचली तवा कोणीतरी बोटावर महिने मोजले अन् थुंकला. तू ते पाह्यलं, मी पण पाह्यलं. मी बायांत उभी होती. तू पळून नाही गेला, तेवढं मी मनात ठेवलं. घरी सासूबाईनं मुद्दाम विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायले ठेवली होती. ते कच्चं, खारं वरण तू पूर्ण खाल्लं, दुसऱ्यांदा वाढलं तं तेही खाल्लं. सासूबाई पाहत होत्या. तू गेल्यावर म्हणल्या, खाल्लं त्यानं.

तुही बढती गेली हे उकंडरावच्या जावयाकडून समजलं. मले वाईट वाटलं. खरंच वाटलं.

उकंडरावनं खोदेल माती पुन्हा विहिरीत लोटली. दुसऱ्या एकानं पण थांबवलं. दोघं थांबले नाहीत, त्यांनी इंजिन आणलं. म्हणतात आमच्या वावरात नाही होत. यंदा त्यांचा गहू चांगला येईन, अन् गाव पुन्हा पाहाले जाईन. मले त्याची भीती वाटते.

आपल्या वावराचं विचारशील. तू सांगतलं तसे दाजींनी चर खोदले, पावसाचं पाणी अडवून सोडलं, शेणखताच्या गाड्या ओतल्या. धुऱ्याच्या कडेले दोन-चार ओळी ज्वारी आली. मधात पाणी आठ-आठ दिवस उभं राह्यलं, परातीत राह्यते तसं. दाजी तुहं नाव घेत नाहीत, पण तू काढून देल्ली ती चराची आखणी कपाटात जपून ठेवली आहे.

आता जे सांगायले बसली ते. परवा पोळा झाला. सासूबाईनं त्याच वावरातली माती आणली. मी म्हणलं, यंदा उकंडरावच्या वावरातली आणते. त्यांनी माह्याकडे पाह्यलं अन् तीच माती भिजवाले घेतली. बैल केले, शिंगं केली, वशिंड केलं. ओले होते तवा काळेच होते, दरसालावानी. सावलीत वाळाले ठेवले. सकाळी पाहते तं दोघंही पांढरे. अंगावर मीठ फुटलं होतं, शिंगापासून शेपटापर्यंत. सासूबाईनं ओल्या फडक्यानं पुसले. काळे झाले. वाळले, अन् पुन्हा पांढरे. पुन्हा पुसले. तीन खेपा पुसले रे त्यांनी. चौथ्या खेपेले फडकं माह्या हातात देल्लं अन् पांढऱ्याच बैलांची पूजा केली. म्हणल्या, या घरात पांढरे बैल कधी नव्हते.

संध्याकाळी त्यांनीच सांगतलं, एक बैल शेषरावले पाठव. उकंडराव मेहकरकडे निघाला आहे, त्याच्या हाती गव्हाच्या भुशात गुंडाळून देते. एक शिंग मोडलं तं मोडू दे. टेबलावर ठेवजो. तुह्यापाशी कोणी विहिरीचं विचाराले आलं की आधी तो त्याच्या हातात देजो, मंग काय बोलायचं ते बोलजो. पुसू नको. पुसला की काळा दिसते अन् माणूस फसते.

पुढल्या राखीले ये. दाजी स्टँडवर येतील का माहीत नाही, मी येईन. येताना झिऱ्यावरून जाऊ, दोघं मिळून डाळीपुरतं पाणी भरून आणू.

जोडीतला दुसरा बैल आमच्या देवापाशी आहे.

तुही बाई,
कोकिळा